दहावी वर्गसमीकरणं: मधलं पद फोडायचे ते दोन आकडे नक्की शोधायचे कसे?

दहावीची_आई
नमस्कार. मुलगी यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी मिडीयम. भूमिती तिला आवडते, प्रश्न आहे तो बीजगणिताचा. पहिला धडा नीट गेला आणि वर्गसमीकरणं आली तसं इथेच घोडं पेंड खायला लागलं. क्ष² + ५क्ष + ६ सारखं असलं की दोन आणि तीन (बेरीज पाच, गुणाकार सहा) म्हणून पटकन मोकळी होते, पण क्ष² च्या मागे मोठा आकडा लागला की तासन् तास बसते. काल रात्री १२क्ष² − ७क्ष − ४५ = ० हे एकच गणित पाऊण तास चाललं होतं, वहीचं मागचं पान भरलं, १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० आणि मग १ × ५४०, २ × २७०, ३ × १८०, ४ × १३५ असं लिहीत लिहीत ती १५ × ३६ पर्यंत आली आणि "काहीच जमत नाही, उत्तर चुकीचं छापलंय" म्हणून वही मिटली. रडवेली झाली होती. मी स्वतः कॉमर्सची, गणित सुटून वीस वर्षं झाली, मला मदत करता आली नाही याचं फार वाईट वाटलं.

तर विचारायचं असं की हे दोन आकडे शोधायची काही खात्रीची पद्धत आहे का, की अंदाजानेच शोधायचे असतात? दुसरं म्हणजे पहिला आणि शेवटचा आकडा गुणायचाच का? ती क्लासमध्ये विचारून आली तर "पद्धत आहे, पाठ कर" एवढंच सांगितलं. आणि तिसरं, झेरॉक्सच्या नोट्समध्ये एका पानावर क्ष² − ५क्ष + ६ आहे आणि पुढच्या पानावर क्ष² − ५क्ष − ६ आहे, तिला वाटतंय यातलं एक मिसप्रिंट आहे. त्याच नोट्समध्ये क्ष² + ४क्ष − ७ चे अवयव पाडा असंही आहे, त्याचे तर काही केल्या पडत नाहीत.

खडू_फळा
ताई, आधी मुलीला सांगा की ती चुकली नव्हती, फक्त दोन जोड्या आधी थांबली. १५ × ३६ नंतर १८ × ३० आणि मग २० × २७. तीच हवी होती. −२७ आणि +२०, बेरीज −७.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि तुमचा दुसरा प्रश्न वर्गात दरवर्षी एखादं तरी पोर विचारायचंच, आणि विचारणारं पोर हमखास चांगलं निघायचं. त्याला "पाठ कर" म्हणणं मला पटत नाही, कारण उत्तर अगदी दोन ओळींचं आहे. तिला उलटं करायला सांगा. (३क्ष + ५)(४क्ष − ९) हा गुणाकार सोडवायला द्या आणि प्रत्येक तुकडा कुठून आला ते बोलत बोलत लिहायला सांगा. ३क्ष × ४क्ष = १२क्ष². मग ३क्ष × (−९) = −२७क्ष. मग ५ × ४क्ष = २०क्ष. शेवटी ५ × (−९) = −४५. म्हणजे मधले तुकडे दोन होते, −२७क्ष आणि २०क्ष, आपण बेरीज केली आणि ते −७क्ष मध्ये विरघळून गेले. अवयव पाडायचे म्हणजे ते विरघळलेले दोन तुकडे परत वेगळे करायचे.

आता बघा, −२७ कशाने बनला? ३ आणि −९ ने. २० कशाने? ५ आणि ४ ने. मग −२७ आणि २० चा गुणाकार म्हणजे ३, −९, ५, ४ या चारही आकड्यांचा गुणाकार. आणि १२ × (−४५) म्हणजे ३ × ४ गुणिले ५ × (−९), तेच चार आकडे, फक्त जोड्या वेगळ्या लावल्या. म्हणून मधल्या दोन तुकड्यांचा गुणाकार हा नेहमी पहिल्या आणि शेवटच्या आकड्याच्या गुणाकाराइतका येतो. एवढंच आहे. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं की परत विसरत नाही.

अजून एक, वही तपासताना सगळ्यात जास्त लाल खूण मी कुठे केली असेल तर ती इथे: १२क्ष² + २०क्ष − २७क्ष − ४५. पहिल्या दोन पदांतून ४क्ष काढलं, कंसात ३क्ष + ५. पुढच्या दोन पदांतून −९ काढलं तर कंसात ३क्ष + ५ च यायला पाहिजे, पोरं ३क्ष − ५ लिहितात कारण डोळ्याला वजा ४५ दिसतं. वजा बाहेर काढला की आतलं चिन्ह बदलतं. दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर तिथेच थांबायचं, पुढे जायचंच नाही.

रात्रपाळी
सरांनी 'का' सांगितलं, मी 'कसं शोधायचं' ते सांगतो, कारण मीही दहावीत याच पायी खूप रडलोय आणि मला ही गोष्ट खूप उशिरा, डिप्लोमाला असताना एका मित्राने दाखवली.

५४० गुणून काढायचाच नाही. १२ आणि ४५ तसेच ठेवायचे आणि त्यांचे मूळ अवयव पाडायचे. १२ म्हणजे २ × २ × ३, ४५ म्हणजे ३ × ३ × ५. एकूण दोन वेळा २, तीन वेळा ३ आणि एकदा ५. आता हे सहा आकडे दोन गटांत वाटायचे आहेत, आणि मधला आकडा आहे ७. इथेच मजा आहे. समजा दोन्ही गटांत एकेक ३ गेला, तर दोन्ही आकडे ३ ने भाग जाणारे होतील, मग त्यांची बेरीज-वजाबाकीही ३ ने भाग जाणारी येईल. पण ७ ला ३ ने भाग जात नाही! म्हणजे तिन्ही ३ एकाच गटात जायला पाहिजेत, २७ फुटणारच नाही. तसंच २ चं, ७ विषम आहे म्हणजे दोन्ही २ एकत्रच, ४ फुटणार नाही. आता हातात उरल्या तीन विटा: ४, २७ आणि ५. या दोन गटांत वाटायच्या किती प्रकार? २७ एकीकडे आणि २० दुसरीकडे, किंवा ४ आणि १३५, किंवा ५ आणि १०८, किंवा सगळं एकीकडे, १ आणि ५४०. बस्स. ५४० च्या एकूण बारा जोड्या होतात, त्यातल्या आठ बघायचीच गरज नाही. उरलेल्या चारांत फरक ७ कुठे आहे ते दिसतंच.

आता मधल्या आकड्याला त्या मूळ अवयवाने भाग जात असेल तर बरोबर उलटं होतं. ८क्ष² − २२क्ष − २१ घ्या. ८ म्हणजे २ × २ × २, २१ म्हणजे ३ × ७. मधला आकडा २२, सम. गुणाकार सम आहे म्हणजे एक आकडा तरी सम असणार, आणि बेरीजही सम आहे म्हणजे दुसराही सम असणार. मग आधीच दोघांना एकेक २ देऊन टाका. उरले २, ३, ७, म्हणजे ४२, आणि २२ चे निम्मे ११. ४२ मध्ये फरक ११ चा: १४ आणि ३. परत दुप्पट करा, २८ आणि ६. चिन्हं लावली की −२८ आणि +६. मग ८क्ष² − २८क्ष + ६क्ष − २१, म्हणजे ४क्ष(२क्ष − ७) + ३(२क्ष − ७), म्हणजे (२क्ष − ७)(४क्ष + ३).

चिन्हाचं एका वाक्यात: शेवटचा आकडा अधिक असला की दोन्ही आकड्यांचं चिन्ह सारखं, तेव्हा बेरीज जुळवायची, आणि शेवटचा वजा असला की चिन्हं वेगळी, तेव्हा फरक जुळवायचा (क्ष² अधिक धरून). मोठ्या आकड्याला मधल्या पदाचं चिन्ह मिळतं.

सूत्रच_बरं
एवढं करण्यापेक्षा सरळ वर्गसमीकरणाच्या सूत्रात टाकावं ना, उत्तर येतंच. माझ्या मुलाला मी तेच सांगितलंय, अवयव वगैरे भानगडच नको, सूत्राला ना अंदाज लागतो ना नशीब.

खडू_फळा
सूत्र खात्रीचं आहे हे अगदी मान्य. पण प्रश्नात "अवयव पद्धतीने सोडवा" असं लिहिलेलं असतं तेव्हा सूत्राने सोडवून मार्क मिळवायची आशा धरू नका, बीजगणिताच्या पेपरला मुळात ४० मार्क आणि दोन तास आहेत, त्यात असे मार्क सोडणं परवडत नाही. आणि अकरावी सायन्सला गेला की सीमा नावाचा धडा येतो, तिथे (क्ष² − ५क्ष + ६) भागिले (क्ष² − ४) असं येतं, क्ष ची किंमत २ च्या जवळ न्यायची असते, २ ठेवून बघितलं तर वरही शून्य खालीही शून्य. तिथे वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष − २)(क्ष + २), तो (क्ष − २) गेला की उत्तर वजा एक चतुर्थांश. हे डोळ्यांना दिसायला अवयवांचा हात बसलेला लागतो. ज्या पोरांचा बसलेला नसतो ती अकरावीच्या पहिल्या सहामाहीत फार हेलपाटतात, मी पाहिलंय.

सूत्रातल्या वर्गमुळाच्या आतला भाग मात्र अवयव पाडण्याआधीच वापरावा असं माझं ठाम मत आहे. विवेचक आधी काढायचा. मधल्या आकड्याचा वर्ग, वजा चार गुणिले पहिला गुणिले शेवटचा. तो पूर्ण वर्ग आला तरच पूर्णांकांत अवयव पडतात, नाहीतर शोधूच नका. ताईंच्या झेरॉक्समधलं क्ष² + ४क्ष − ७ घ्या: १६ + २८ = ४४. ४४ हा पूर्ण वर्ग नाही. म्हणजे रात्रभर शोधलं असतं तरी आकडे मिळाले नसते, ते नाहीतच. अवयव हवेच असतील तर (क्ष + २ + √११)(क्ष + २ − √११) असे करणीतले येतात, आणि नोट्समध्ये बहुधा आकडा चुकलाय. तुमच्या १२ वाल्याचा विवेचक ४९ + २१६० = २२०९, म्हणजे ४७ चा वर्ग. म्हणजे आकडे आहेत, शोधा. आहे म्हणून शोधणं आणि असेल-नसेल अशा धास्तीत शोधणं यात मुलांच्या हाताला खूप फरक पडतो.

चाळीसगावकर
सर विवेचकावर आलेच आहेत तर पुढचं मी सांगतो, माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. ते दोन आकडे न शोधता सरळ काढता येतात. बेरीज −७ आहे ना, म्हणजे दोघांची सरासरी −३.५, म्हणजे एक आकडा −३.५ च्या जितका वर तितकाच दुसरा खाली. गुणाकार −५४०. आता वर-खाली एकाच अंतरावरच्या आकड्यांचा गुणाकार म्हणजे सरासरीचा वर्ग वजा अंतराचा वर्ग (वर्गांच्या वजाबाकीचं तेच सूत्र), म्हणून १२.२५ वजा अंतराचा वर्ग = −५४०, अंतराचा वर्ग ५५२.२५, अंतर २३.५. −३.५ मधून २३.५ गेले −२७, −३.५ मध्ये २३.५ मिळवले २०. आले की नाही? एकही जोडी लिहावी लागली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पो-शेन लोह या गणिताच्या प्राध्यापकांनी वर्गसमीकरणं अशीच शिकवावीत असं मांडलं तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली होती, कल्पना मात्र फार जुनी, बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर निम्मी बेरीज घेऊन केलेली अशी गणितं आहेत.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात नाव घेऊन दिलीये. रीत अशी की वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणायच्या आणि मग मधल्या मूळ आकड्याचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. हेच गणित करून बघा. १२क्ष² − ७क्ष = ४५. चौपट ४८ ने गुणलं, ५७६क्ष² − ३३६क्ष = २१६०. ४९ मिळवले, डावीकडे (२४क्ष − ७)² आणि उजवीकडे २२०९. म्हणून २४क्ष − ७ हे ४७ किंवा −४७. क्ष = ५४/२४ म्हणजे ९/४, नाहीतर −४०/२४ म्हणजे −५/३. सरांच्या (४क्ष − ९) आणि (३क्ष + ५) शी ताडून बघा. यात अपूर्णांक शेवटच्या ओळीपर्यंत येतच नाही, शाळेतल्या पूर्ण वर्ग पद्धतीत ७/२४ चा वर्ग करताना मुलं घाबरतात ते इथे होत नाही.

आमच्या तालुक्यात पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, शिलालेख सापडलाय, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला असं त्यात कोरलंय. आठशे वर्षं झाली त्याला. शाळेची सहल तिकडे जायची तेव्हा आम्ही धबधबा बघून यायचो, तुमच्या मुलीला कधी घेऊन आलात तर त्या लेखाबद्दल आवर्जून सांगा तिला.

झेडपी_शिक्षिका
मी आठवीला शिकवते, असले तीन पदांचे अवयव तिथे भेटतात म्हणून लिहितेय. माझ्या वर्गात मी जुन्या लग्नपत्रिका कापून तुकडे केलेत, कागद जाड असतो, वाकत नाही. एक मोठा चौरस म्हणजे क्ष², त्याच्याच लांबीच्या बोटभर रुंद पट्ट्या म्हणजे क्ष, आणि बोटभर चौरस म्हणजे १. मुलांना एक चौरस, पाच पट्ट्या, सहा बारके चौरस देते आणि सांगते, यातून एक आयत बनवा, एकही तुकडा उरला नाही पाहिजे. आधी सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला लावतात, मग बारक्यांना जागाच राहत नाही. मग कोणीतरी दोन पट्ट्या उचलून खाली लावतं, तीन उजवीकडे राहतात आणि कोपऱ्यात दोन बाय तीनची जागा तयार होते, सहा चौरस तिथे टचकन बसतात. बाजू मोजल्या की क्ष + ३ आणि क्ष + २. तो पट्ट्या उचलून खाली लावायचा क्षण म्हणजेच मधलं पद फोडणं. मग मी चार पट्ट्या आणि सहा चौरस देते. कितीही फिरवा, आयत होत नाही, आणि मुलं स्वतःच म्हणतात, "बाई याचे पडत नाहीत."

मुलगी दहावीची असली तरी एकदा करून बघा ताई. घरी पत्रिका असतातच.

दहावीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस उशिरा लिहितेय कारण आम्ही दोघी खरंच बसून करत होतो. पत्रिका कापल्या, चार पट्ट्या-सहा चौरसवालं तिने मला दिलं आणि मी दहा मिनिटं फिरवत होते. विटांची युक्ती तिला इतकी आवडली की आता गणित दिसलं की आधी मधला आकडा बघते आणि "तीन फुटणार नाहीत" असं पुटपुटते. काल सरावसंचातली सहा गणितं जेवणाआधी झाली. मला चाळीसगावकर दादांची सरासरीची रीत जास्त जवळची वाटली, हिशोबाची सवय म्हणून असेल.

एकच राहिलं, क्ष² − ५क्ष + ६ आणि क्ष² − ५क्ष − ६. पहिल्याचे (क्ष − २)(क्ष − ३) आणि दुसऱ्याचे (क्ष − ६)(क्ष + १), दोन्ही पडले, म्हणजे मिसप्रिंट नव्हतं. पण आता ती विचारतेय की चिन्ह बदललं तरी दोन्ही पडतात असे अजून आकडे आहेत का? तिने स्वतः बरेच घेऊन बघितले, ७ आणि १२ घेतलं तर अधिकचे पडतात, वजाचे नाही.

रात्रपाळी
अहो हा प्रश्न भन्नाट आहे, तिला शाबासकी द्या माझ्याकडून. विवेचक बघायला सांगा. ५ चा वर्ग २५, आणि ४ × ६ = २४. अधिकवाल्यात २५ − २४ = १, वजावाल्यात २५ + २४ = ४९. दोन्ही पूर्ण वर्ग. ७ आणि १२ ला ४९ − ४८ = १ येतो पण ४९ + ४८ = ९७, तो वर्ग नाही.

आता २५ आणि २४ कडे जरा वेगळं बघा. तिच्या भूमितीत पायथागोरसची त्रिकुटं आहेत. २५ = ९ + १६. आणि २४ = २ × ३ × ४. म्हणजे २५ + २४ हा (३ + ४) चा वर्ग आणि २५ − २४ हा (४ − ३) चा वर्ग! म्हणून कुठलंही त्रिकुट घ्या, कर्ण मधल्या जागी ठेवा आणि त्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ शेवटच्या जागी, दोन्ही चिन्हांना अवयव पडतातच. ३, ४, ५ चं क्षेत्रफळ ६. पुढचं ५, १२, १३, क्षेत्रफळ ३०: क्ष² − १३क्ष + ३० म्हणजे (क्ष − ३)(क्ष − १०), आणि क्ष² − १३क्ष − ३० म्हणजे (क्ष − १५)(क्ष + २).

अजून एक गंमत तिच्यासाठी, तिला भूमिती आवडते म्हणालात म्हणून. त्रिकोणाची अर्धपरिमिती काढायची, हेरॉनच्या सूत्रातली. १३ वाल्याची (५ + १२ + १३) भागिले २ = १५. त्यातून एकेक बाजू वजा करा, १०, ३, २. वर आलेले चारही आकडे हेच आहेत, आणि तो २ म्हणजे त्या त्रिकोणाच्या आत बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या. तिला ८, १५, १७ द्या आणि काही न सांगता चारही आकडे काढायला लावा.

दहावीची_आई
अर्धपरिमिती २०. मग १२, ५, ३. क्ष² − १७क्ष + ६० = (क्ष − ५)(क्ष − १२), आणि क्ष² − १७क्ष − ६० = (क्ष − २०)(क्ष + ३). आता कंपास काढून बसलीये, आतलं वर्तुळ खरंच ३ सेंमीचं येतं का ते बघायला, कागद पुरत नाही म्हणून कॅलेंडरचं मागचं पान घेतलंय.